उसनी साक्ष

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकला चर्चच्या वडीलमंडळींनी दोनदा परत पाठवलं होतं. त्यांच्यात रीतच तशी. प्रभुभोजनाची भाकर हाती पडायची तर आधी सगळ्यांसमोर साक्ष द्यायची, देवाने आपल्याला कसं ओढून घेतलं ते सांगायचं. मेकॅनिकने दोन्ही वर्षी सुरुवातच केली, "मी दारू सोडायचं ठरवलं." वडीलमंडळींतले थोरले म्हणजे दातांचे डॉक्टर. ते म्हणाले, "सगळं तूच ठरवलंस, तर देवाने काय केलं बाबा? माणसाचं मन मुळात मेलेलं, ते स्वतःहून कुठलं उठतंय! कृपा झाली की ये."

आता कृपा काय दुकानात मिळते? चार वर्षं थेंबाला शिवला नव्हता बिचारा, आणि तरी बाहेरच!

तिसऱ्या वर्षी त्याने मग बायकोची साक्ष उचलली. हो, उचललीच, दुसरा शब्द नाही. बायको इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला. तिने त्याला एकदा हळूच सांगितलं होतं की चादरीची घडी घालता घालता हात थांबले, रडू फुटलं, आणि मनावरचं ओझं कुणीतरी काढून नेलं. लाजाळू बाई, चारचौघांत तोंड उघडायची नाही. तिचं ते तसंच पडून आहे, आपण वापरलं तर बिघडलं कुठे, अशी त्याने मनाची समजूत घातली.

त्या रविवारी त्याने चादरीच्या जागी मशीनचा पट्टा घातला, बाकी शब्द न् शब्द तिचा. डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग हातातला कागद बघून म्हणाले, "तुझ्या घरातून यंदा आणखी एक नाव आहे. या, बाई."

नाव मेकॅनिकच्या बायकोचंच. तिने त्याला पत्ताच लागू दिला नव्हता, खूश करायचं होतं ना त्याला! ती उठली. त्याच्याकडे एकदा बघितलं. रागाने बघितलं असतं तरी परवडलं असतं.

"माझं अजून काही नाही," ती म्हणाली आणि खाली बसली.

त्याला वाटलं, उठावं, खरं सांगून टाकावं. पण बूड हलेना. आणि बघा माणसाची लबाडी, देवाच्या मनात असेल तर तोच उठवेल, असं म्हणत हा बसून राहिला! डॉक्टर हात मिळवायला पुढे आले, तेव्हा कुठे तोंडातून फुटलं, "डॉक्टर, साक्ष हिची आहे. मी चोरली."

डॉक्टरांनी बाईंसाठी खुर्ची पुढे ओढली. मेकॅनिक मान खाली घालून बसला. झालं, आता पाठ असलेलंच पुन्हा ऐकायचं.

"मी चादर घडी करत होते," ती म्हणाली. "तेव्हा हे फार पीत. काम करता करता मी देवाकडे ह्यांचं मरण मागायचे. मी ते ह्यांना कधी सांगितलं नाही. त्या दिवशीही मागत होते, आणि मध्येच शब्द अडले. मी काही ठरवलं नव्हतं. उलट खूप जोर लावला, पण मला ते मागताच येईना."

"मग?" डॉक्टरांनी विचारलं.

"मग घरी गेले आणि ह्यांना जेवायला वाढलं."

मेकॅनिकने खूप आठवून पाहिलं. त्याला ते जेवण काही केल्या आठवेना.