देशाचं वर्षफळ

गुलबर्ग्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या नरहररावांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. आपला अंदाज ऐकून कुणी एकानं तरी धंद्यात तसं वागावं. पगार, मान, सभेतली पुढची खुर्ची हे सगळं त्यांना मिळालं होतं. तेवढं एक मिळालं नव्हतं आणि त्यापायी माणूस आतून पार आंबून गेला होता.

त्यांचे वडील बीदरचे जोशी. पाडव्याला गुलबर्ग्याच्या व्यापाऱ्यांपुढं बसून पंचांग वाचायचे. यंदा राजा शनी, मंत्री गुरू, पाऊस बेताचा, धान्य महाग. नरहररावांना लहानपणापासून त्याची लाज वाटे. पोटासाठी थापा मारणं, असं ते चारचौघांत म्हणायचे, वडील समोर असतानाही. म्हणून ते अर्थशास्त्र शिकले. पुढं गुलबर्ग्याच्या डाळमिलवाल्यांच्या संघानं निरोप धाडला, की देश कुठं चाललाय ते सांगा, त्यावरून आम्ही धंद्याची आखणी करू. नरहरराव हरखले. योजनांचे अहवाल, जनगणना, पिकांचे आकडे पालथे घालून त्यांनी येत्या वीस वर्षांचा अंदाज मांडला. माणसं किती वाढतील, डाळ किती खातील, नवी मशिनं कधी घ्यावीत. संघानं वाचनाला दिवस धरला तो पाडव्याचा. त्या दिवशी सगळे जमतातच, म्हणाले. नरहररावांना त्यात काही वावगं दिसलं नाही आणि तिथंच ते फसले.

सभा भरायची. नरहरराव दरसाल सुधारलेला अंदाज वाचायचे. वाचून झालं की संघाचे अध्यक्ष, गावातल्या सगळ्यांत मोठ्या मिलचे मालक अमृतप्पा, त्यांच्या हातात नारळ द्यायचे. कडुनिंब-गुळाचं ताट फिरायचं. व्यापारी एकेक करून पाया पडायचे आणि घरी जायचे. प्रश्न एकही नाही.

मागच्या रांगेत नरहररावांच्या धाकट्या बहिणीचे, सुशीलाबाईचे यजमान उद्धवराव बसायचे. स्टेशनजवळ त्यांची एवढीशी डाळमिल होती. आर्य समाजात वाढलेला माणूस. पंचांग घरात ठेवायचा नाही, कडुनिंब-गूळ घ्यायचा नाही, कुणाच्या पाया पडायचा नाही. डोळे मिटून ऐकायचा आणि उठून चालू लागायचा. नरहररावांनी त्याला कधी हिशेबात धरलंच नाही.

एका वर्षी न राहवून त्यांनी अमृतप्पांना विचारलं, की आजवर सांगितल्याप्रमाणे मशिनं घेतलीत का. अमृतप्पा मायेनं हसले.

"तुमचे वडील वाचायचे तवाबी आम्ही असंच बसायचो, सर. ऐकायचं, हात जोडायचे अन् आपलं आपण बघायचं. ऐकायला बरं वाटतंय म्हणून बोलावतो."

कुणी थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं. नरहररावांनी वर्षभर तो राग जपला आणि पंच्याहत्तरच्या पाडव्याला बाहेर काढला. चेहरा गंभीर ठेवून त्यांनी वाचलं, की पंच्याऐंशी सालापर्यंत या देशात तूरडाळ कुणी खाणार नाही. घरोघर सोयाबीन शिजेल. मिल असेल त्यानं आजच विकून मोकळं व्हावं. तुरीवर जगणाऱ्यांची ती सभा, एकजण तरी उठून भांडेल असं त्यांना वाटत होतं. एकानं जांभई दिली. बाकीचे पाया पडले. घरी येऊन बायकोला सांगताना नरहररावांना हसू आवरेना. जानकीबाई वरण घोटत होत्या. त्या हसल्या नाहीत.

आठवडाभरानं सकाळीच उद्धवराव दारात उभे. मिल विकायला काढली होती.

"आजवर तुम्ही वाढवा म्हणलात, तेवढी ऐपत न्हवती माझी," ते म्हणाले. "विकायला ऐपत लागत न्हाई. अमृतप्पा घ्यायलेत, दुपारी कागद होणार हाय. सगळे हसायलेत मला. तुम्ही एकदा सांगा, अण्णा. खरंच ना?"

पंचांगाला थापा मानणारा माणूस होता तो. अंदाज मात्र शास्त्राचा आहे, म्हणून सगळ्या गावात त्यानं एकट्यानं खरा मानला होता. नरहररावांनी एवढंच म्हणायचं होतं, की दाजी, मी चेष्टा केली. पण जन्मभर ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो आज पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं, आणि तेही डोळ्यांत डोळे घालून. त्यांना इतका आनंद झाला की स्वतःचीच किळस यावी.

"मी उगं बोलत न्हाई, दाजी," ते म्हणाले.

उद्धवराव समाधानानं गेले. दुपारी कागद झाले.

पुढं तुरीचा भाव चढत गेला. अमृतप्पांनी ती मिल वाढवून दुप्पट केली आणि दया येऊन उद्धवरावांना तिथंच मुनीम म्हणून ठेवलं. सुशीलाबाईनं भाऊबीजेला भावाकडं येणं सोडलं. उद्धवराव मात्र पाडव्याला मागच्या रांगेत येऊन डोळे मिटून बसायचे. मग नरहररावांना दुसरं काय वाचता येणार? त्यांनी दरसाल तेच सोयाबीन वाचलं, तुरीच्या पोत्यांना टेकून बसलेल्या माणसांपुढं.

पंच्याऐंशीचा पाडवा उजाडला. नरहरराव निवृत्त झाले होते. त्यांनी वाचलं, की बदल लांबला आहे, आता पंच्याण्णव साल धरून चालावं. वाचून संपलं तेव्हा मागच्या रांगेतून उद्धवराव उठले आणि थेट पुढं आले. नरहररावांना वाटलं, आता हा शिव्या देईल. द्याव्यात, असं फार फार वाटलं.

उद्धवरावांनी ताटातला कडुनिंब-गूळ उचलला आणि तोंडात टाकला. मग ते सावकाश वाकले आणि नरहररावांच्या पाया पडले.

"पुढल्या सालीबी सांगा, अण्णा," ते म्हणाले. "ऐकायला बरं वाटतंय."

अमृतप्पांनी नरहररावांच्या हातात नारळ दिला.