तारा आवळून आण

मित्रांनो, क्लेमेंटीतल्या एका सरकारी घरांच्या इमारतीत, सातव्या मजल्यावर, कपाटातल्या दोन लोकरी कोटांमागे मी उभा आहे. सिंगापुरात लोकरी कोट कोण घालणार? म्हणून ते दार सहसा उघडत नाही. मी तुमच्या देशाच्या उत्तरेला, पर्वतांपलीकडे असलेल्या काश्गर शहराचा जुना दुतार. दोन तारांचं वाद्य, लांब मान आणि पोट पेरूच्या फोडीसारखं.

मला अब्दुकेरिम नावाच्या कारागिराने घडवलं. लाकूड तुतीचं. रेशमाचा किडा तुतीचीच पानं खातो आणि माझ्या तारा रेशमाच्या. पुढे सिंगापुरात भेटलेली भार्गवी या गोष्टीवर दोन ओळी गुणगुणायची:

तुतीच्या झाडाची पानं गेली किड्यापोटी,
त्याच्या रेशमाची तार आली लाकडाच्या भेटी.

लग्नं, बारशी, हिवाळ्यातल्या मैफली, सगळीकडे मी वाजलो. म्हातारे म्हणत, "अब्दुकेरिमच्या दुतारात पाणी खळखळतं." कारागिराची लेक मेहरिगुल सिंगापूरला शिकायला निघाली तेव्हा त्याने मला तिच्या हाती दिलं. पिशवीत घालण्याआधी खुंट्या फिरवून माझ्या तारा अगदी सैल केल्या. म्हणाला, "प्रवासात तार ताणलेली राहिली तर मान वाकते. उतरलीस की चढव." दुतार करणाऱ्यांच्या घरात हे पोरंसुद्धा जाणतात.

मग तिकडे काश्गरला आमची माणसं नाहीशी होऊ लागली. आधी शेजारचा शिक्षक, मग मामा. सरकार म्हणे, त्यांना नेलंय ती प्रशिक्षणाची शाळा आहे. पण त्या शाळेच्या भिंतीवर काटेरी तारा होत्या आणि घंटा झाली तरी कोणी घरी येत नव्हतं. एक दिवस आईचा निरोप आला, "आम्ही ठीक आहोत. फोन करू नकोस." आईने स्वतःच्या फोनमधून तिचा नंबरच काढून टाकला. मेहरिगुलने मला कपाटात ठेवलं. आवाज भिंतीपलीकडे जाईल, कोणीतरी कुठेतरी लिहून घेईल, अशी भीती. इथल्या दमट हवेत माझे सांधे सुटू लागले. तिचेही सुटत होते, पण माणसाचे दिसत नाहीत.

भार्गवी मेहरिगुलच्या शेजारच्या खोलीत राहते. पुण्याची, विद्यापीठात संशोधन करते. मेहरिगुल वडिलांना 'दादा' म्हणते हे कळल्यावर ती म्हणाली, "अगं, आमच्याकडेही कितीतरी घरांत वडिलांना दादाच म्हणतात." त्या दिवसापासून दोघी एका ताटात जेवू लागल्या.

या वर्षी मेहरिगुलचा पासपोर्ट संपत आला. तिच्या देशाच्या वकिलातीने सांगितलं, नवा इथे मिळणार नाही, गावी जाऊन घ्या. पासपोर्ट नाही तर इथे राहण्याचा पासही नाही. पुढे जागा नाही, मागे दार उघडं आहे, पण ते कसलं दार हे ठाऊक नाही. आणि नेमका तेव्हाच, इतक्या वर्षांनी, घरून फोन आला. रविवारी सगळे बोलतील म्हणे. तिने तिकीट काढून ठेवलं आणि मला बाहेर काढलं.

रविवारी भार्गवीचा मोठा भाऊ प्रबोध जेवायला आला होता. तांजोंग पगारला मोठ्या कंपनीत आहे. मला बघून म्हणाला, "ही सतार काय उपास करते वाटतं?"

"गप रे. मेहरिगुलला ऐकू जाईल."

"मराठी कुठं कळतंय तिला. हे बघ, आईवडील बोलावतायत, जाऊ दे. आणि तू तिच्या लोकांसाठीच्या कुठल्या पत्रावर सही-बिही करू नकोस. आपण इथं पासवर राहतो."

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर आई, शेजारी दादा. केवढा वाळला होता माझा कारागीर. टेबलावर चहाचे तीन पेले होते आणि माणसं दोनच दिसत होती.

"ये, किझीम," आई म्हणाली. किझीम म्हणजे माझी लेक. "आठ दिवसांचं काम. सगळं छान आहे इथं."

दादा पडद्याच्या कडेकडे बघत होता. मग म्हणाला, "दुतारही आण. आणि विमानात ठेवण्याआधी तारा घट्ट आवळ. खुंट्या पार ताठ कर."

माझं लाकूड शहारलं. ज्या हातांनी मला सैल करून पाठवलं, ते हे सांगताहेत? मेहरिगुलने एकदा माझ्या खुंट्यांकडे पाहिलं. मग ती हसली आणि शांतपणे म्हणाली, "हो दादा. तुम्ही सांगता तसंच करते."

दादाने डोळे मिटले. फोन बंद झाला.

"काय गं? कधी निघतेस?" भार्गवीने विचारलं.

"नाही जात. दादांनी येऊ नको म्हटलंय." तिने सगळं उलगडून सांगितलं. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडली.

प्रबोधचा घास हातातच राहिला. भार्गवी त्याला म्हणाली, "दोन हजार बावीसला जिनिव्हात, संयुक्त राष्ट्रांत, काश्गरकडच्या त्या शाळांवर नुसती चर्चा करायची की नाही यावर मतं घेतली. सतरा म्हणाले करा, एकोणीस म्हणाले नको. अकरा तटस्थ. त्यांत आपण होतो."

"देश होता. मी कुठं होतो?"

"तू मघाशी मला काय सांगत होतास?"



मेहरिगुल गेली नाही. पासपोर्ट संपला. तिकडचा फोन लागेनासा झाला. एका देशाने तिचा आश्रयाचा अर्ज घेतला आहे, उत्तर नाही. भार्गवीने बेपत्ता माणसांसाठीचा संयुक्त राष्ट्रांचा अर्ज आणला. मेहरिगुलने दादाचं नाव लिहिलं, वय लिहिलं, धंदा लिहिला. "शेवटचं बोलणं काय झालं?" या चौकटीशी पेन थांबलं. ते वाक्य लिहिलं आणि भलत्या हाती पडलं, तर दादाचं काय होईल? तिने चौकट रिकामी ठेवली. जिनिव्हातून पोच आली. अर्ज मिळाला, एवढीच.

तुम्हाला मी सांगतो, कारण लाकडाची साक्ष कोणी लिहून घेत नाही, आणि नावंही मी बदलली आहेत. मित्रांनो, मला तेल लावा, सांधे जोडा, असं मी मागत नाही. मागणं एवढंच, की उद्या असा एखादा कागद तुमच्या हाती आला आणि त्यात एक चौकट कोरी दिसली, तर इथे काही घडलंच नाही असं म्हणून पान उलटू नका. थांबा. त्या कोऱ्या जागेत कुणाचा तरी बाप उभा आहे.