दुधासंगं घेतलेली गोळी

मी कढई. घडीव लोखंडाची, दोन कानांची. बूड काळं आणि पोट त्याहून काळं. शोभेसाठी मला कुणी घरात आणलं नाही आणि मीही कधी कुणापुढं वाकले नाही. पण आज बोलतेय ते मिरवायला नव्हे. लाज वाटतेय म्हणून बोलतेय. ज्याला ऐकायचं नसेल त्यानं आत्ताच उठावं.

माझा जन्म गडहिंग्लजचा. पिराजी लोहारानं मला पत्र्यातून ठोकून ठोकून खोलगट केलं आणि बाजारच्या दिवशी पोत्यावर मांडलं. तिथं रत्नाबाई आली. तेव्हा नव्यानं संसाराला लागलेली, कुरुंदवाडची सून. तिनं मला उचललं, बोटाच्या पेरानं टणकन वाजवलं.

"पावणं, भोक न्हाय न्हवं कुठं?"

"भोक असतं तर चाळण म्हणून इकली असती की," पिराजी म्हणाला.

ती हसली नाही, पण मला घेऊन गेली.

रत्नाबाईचा नवरा धनपाल. त्याचं जनावरांच्या पेंडीचं दुकान, मागच्या परड्यात म्हैस. घर जैनांचं. दिवस बुडाला की या घरात तोंडात घास नाही, पाण्याचा थेंबही नाही. त्यामुळं इथली संध्याकाळ कायम घाईची. ऊन भिंतीवरून उतरायच्या आत जेवणं उरकायची, भांडी पालथी पडायची. जे काही पोटात घालायचं ते तेवढ्यात घालून घ्यायचं. तो नेम मी वर्षानुवर्षं पाळला आणि मला त्याचा अभिमान होता. आजही आहे.

मग मुलाचं, अभिनंदनचं लग्न झालं. सून आली आदिती, ती माझ्याच गावची. तिच्यासोबत एक गुळगुळीत पॅन आला. त्याला म्हणे काही चिकटत नाही. मला माळ्यावर टाकलं. तिथं मला गंज चढला, पाल माझ्यात अंडी घालून गेली, कुणाला पत्ता नाही. घरात नवं भांडं आलं की माणसाला जुन्याचं वजन जास्त वाटायला लागतं.

आदितीला दिवस गेले. रक्त तपासलं तर फार कमी निघालं, दवाखान्यातनं गोळ्या दिल्या. त्याच दिवशी, ऊन असतानाच, रत्नाबाई स्वतः शिडीवर चढली. मला खाली काढलं, चिंचेनं घासलं, तेल चोपडलं.

"आमच्या येळंला कुणाला गोळ्या लागल्या? ह्या कढईतली भाजी खाल्ली की लोखंड आपसूक पोटात जातंय," ती म्हणाली.

मी फुगले. खोटं का सांगू, पॅनकडं बघून फुगले.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी माझ्यात तांबडा माठ शिजायचा, कधी मेथी, कधी राजगिरा. ताटात भाकरी, भाजी. ताटाशेजारी दोन गोळ्या, एक लोहाची, एक कॅल्शियमची. आणि वर पेलाभर म्हशीचं दूध.

"गोळी उष्ण पडती. दुधासंगं घे. दिवस बुडतोय, परत काय मिळायचं न्हाय तुला," रत्नाबाई म्हणायची. त्यात माया होती, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन.

आदिती घ्यायची. मी ओट्यावरून रोज बघायचे. दोन्ही गोळ्या, पेला तळापर्यंत रिकामा.

सातव्या महिन्यात पुन्हा रक्त तपासलं. वाढलेलं नव्हतं. कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, बाळंतपणात रक्त जातंच. एवढ्याशा रक्तावर बाईच्या जिवाला धोका आहे. अभिनंदन घरी आला तो पाण्याचा तांब्या हातात धरून नुसता उभा राहिला.

चारच दिवसांनी आदितीची आई, प्रियदर्शनी, गडहिंग्लजहून ओटी भरायला आली. स्वयंपाकघरात तिघीच बायका. रत्नाबाईनं तिच्यापुढं चहा ठेवला आणि सरळ म्हणाली, "तुमची लेक गोळ्या टाकती."

"कुठं टाकती?"

"ते तिलाच इचारा. माझ्या घरात लोखंडाच्या कढईतली भाजी हाय, म्हशीचं दूध हाय, गोळी हाय. रक्त तेवढं न्हाय. मग लबाड कोण?"

"मी रोज घेतोय, अव्वा," आदिती आईला म्हणाली.

आई लेकीकडं बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "घेत असतीस तर वाढलं नसतं व्हय?"

आदिती मेथी निवडत बसली.

आणि मी? मी तर रोज डोळ्यांनी बघत होते. तरीही त्या घडीला मला वाटलं, असेल बाई, मागं जाऊन थुंकत असेल. कारण ती खोटी नसेल तर मग माझं लोखंड खोटं ठरत होतं. ते मला सोसणारं नव्हतं. म्हणून एक पोर खोटी ठरलेली मला चालली.

पुढच्या खेपेला रत्नाबाई स्वतः सुनेबरोबर दवाखान्यात गेली, डॉक्टरीणबाईंपुढं तिची लबाडी उघडी पाडायला. परत आली ती पाय धुऊन ओट्याशी उभी राहिली. धनपालनं विचारलं, "काय म्हणाल्या?"

"इचारलं, गोळी कशासंगं देता. मी म्हटलं, जेवणावर, दुधासंगं. दोन्ही गोळ्या एकदम."

"मग?"

"म्हणाल्या, दुधातलं कॅल्शियम लोहाच्या आड येतंय. दोन्ही एकदम पोटात गेली की लोह अंगात मुरत न्हाय, तसंच भाईर जातंय. चहाचं बी तसंच. कढईतली भाजी असू दे न्हाईतर गोळी, वर दूध वतलं की पाणी पडलं त्याच्यावर."

"म्हणजे दूध दिवस बुडाल्यावर द्यायचं? नेम मोडायचा?"

"न्हाय. मला बी तीच भीती हुती. नेम ऱ्हाऊ दे म्हणाल्या, येळा बदला. लोहाची गोळी सकाळी लिंबाच्या पाण्यासंगं, आंबटानं लोह चांगलं मुरतंय. दूध आन् दुसरी गोळी दुपारी."

धनपाल म्हणाला, "मग पोरगी खरं बोलत हुती की."

रत्नाबाईनं भाजी चिरायला घेतली. आपली चूक वेळापत्रकात बसवली की फिटली, असं बऱ्याच जणांना वाटतं. तिलाही वाटलं असावं. मलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन वर आल्यावर, रत्नाबाईनं लिंबू पिळून पाणी दिलं. आदितीनं गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्याली, पेला खाली ठेवला. आणि मग सासूसमोर तोंड उघडलं. जीभ बाहेर काढली, वर उचलली, दोन्ही गाल बोटानं ओढून दाखवले. गोळी नाही म्हणून.

कुणी सांगितलं नव्हतं तिला. पोटुशी बाई, शाळेतल्या पोरासारखी तोंड उघडून उभी.

"मीट," रत्नाबाई म्हणाली. "मीट की गं."

"बघितलंसा न्हवं, आत्ती?"

रत्नाबाईनं पदराला हात पुसले, फोन घेतला आणि तिथंच, माझ्यापुढं, प्रियदर्शनीला लावला. "मी रत्नाबाई बोलतोय. तुमची लेक लबाड न्हाय. दूध मी देत हुतो. माझं चुकलं." पलीकडून बारीक आवाज आला, "तुम्ही परकं, आत्ताची सासू. मी तर आई हाय. जरा तिला द्या."

आदितीनं फोन कानाला लावला. "व्हय," म्हणाली. "जेवलो. व्हय." आणि ओट्याचा काठ धरून खाली बसली.

पुढची तपासणी अजून व्हायची आहे. रक्त चढेल की नाही, मला सांगता येत नाही आणि पुन्हा छाती फुगवायची माझी हिंमतही नाही. माझ्यात माठ शिजतो, त्यावर लिंबू पिळतात, दूध त्या वेळी ओट्यावर येत नाही. एवढं होतंय.

तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी असेल तर वापरा तिला. पण ताटात काय वाढलंय तेवढंच बघू नका, कशासंगं वाढलंय तेही बघा. आणि तरीही रक्त वाढलं नाही, तर आधी ताटाला विचारा, मग पोरीला. मी लोखंडाची आहे, मला पोचा पडला तरी ठोकून सरळ करता येतो. तिला तसं करता येत नाही.