डावखुऱ्या कात्रीची चूक

मी धारेचा दगड बोलतोय. घाईत असाल तर खुशाल पुढे जा, माझं बोलणं रमतगमत चालतं.

सायकलच्या दांडीवर मला बसवलं तेव्हा मी ताटलीएवढा होतो. आता पेल्याच्या तोंडाएवढा उरलोय. सायकल स्टँडवर चढवून पायडल मारलं, की पट्ट्याने मी फिरतो. मालकांना त्यांची लेक बाबा म्हणते, म्हणून मीही बाबाच म्हणतो. शाळेत आम्ही दोघंही गेलो नाही. शाळेच्या फाटकासमोर मात्र दर सोमवारी उभे असतो.

हे शहर मी पात्यांवरून ओळखतो. पुलापलीकडच्या बेकरीचा सुरा लांबलचक, लोण्यात लोळून लाडावलेला. छापखान्याच्या बोळात दोघा भावांचं बोलणं बंद आहे, पण कात्री एकच. एक आणून देतो, दुसरा घेऊन जातो. कोपऱ्यावर एक बाई एकट्याच राहतात. त्यांची सुरी दिवसाला अर्धा कांदा चिरते, ती कसली बोथट होतेय? तरी महिन्याला आणतात आणि तासभर बोलत बसतात. बाबाही मग ती माझ्यावर नुसती टेकवल्यासारखी करतात. असं हे माझं शहर. माझी पूड त्याच्या गल्लोगल्ली सांडलीय.

लेक दुसऱ्या गावी असते. बाबांची नजर अधू झाली तशी ती मागेच लागली, की पुरे झालं आता, माझ्याकडे चला. बाबांनी तिला शब्द दिला होता: ज्या दिवशी हातून एक पातं बिघडेल, त्या दिवशी येईन. हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं.

आमच्या गल्लीत टेलरबाई आहेत, डावखुऱ्या. त्यांची कात्री सगळ्या कात्र्यांच्या उलटी. वीस वर्षं ती आमच्याकडे येतेय. एके दिवशी ऊन डोळ्यांवर होतं. बाबांनी सवयीने ती नेहमीच्या कात्रीसारखी धरली आणि पात्याची आतली, सपाट बाजू, जिला दगड कधी लावायचाच नसतो, ती माझ्यावर टेकवली. मला कळलं, पण दगडाने ओरडायचं कसं?

चार दिवसांनी लेक आली. टेलरबाईंच्या पायरीवर चहा चालला होता. लेकीने सहज विचारलं, कात्री कशी चालतेय.

"लोण्यासारखी," टेलरबाई म्हणाल्या. दाराआड चुरगळून कापल्या गेलेल्या कापडाचा ढीग मला दिसत होता.

बाबांनी कप खाली ठेवला. "आण बरं इकडे."

"राहू द्या ना काका, कामात आहे ती."

"आण म्हटलं ना."

कात्री हातात आल्यावर बाबांनी डोळे मिटले आणि पात्यावरून अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा. मग लेकीकडे तोंड करून म्हणाले, "बिघडवली गं मी. हिने झाकलं. शब्द दिलाय, येतो."

बाबांनी सायकल स्टँडवर चढवली आणि डोळे मिटूनच ती कात्री सुधारायला घेतली. थोडं घासायचं, अंगठा लावायचा, पुन्हा घासायचं. चहा गार झाला. शेवटी टेलरबाईंनी चिंधी धरली आणि कात्री सरळ चालत गेली.

लेक बराच वेळ बाबांच्या अंगठ्याकडे बघत होती. "डोळ्यांनी बघून करता म्हणून बिघडतं," ती म्हणाली. "यापुढे आधी बोट लावायचं. आणि पुलापलीकडे जायचं नाही."

"आणि शब्द?"

"माझ्याकडे आहे तो. मागेन तेव्हा द्या."

ती संध्याकाळच्या गाडीने गेली, एकटीच.

आता आम्ही फक्त अलीकडच्या गल्ल्या करतो. बेकरीवाला पूल ओलांडून सुरा आणून देतो आणि वर म्हणतो, काका, तुमचा रुबाब वाढला. मी फार दिवस पुरणार नाही. संपलो की नवा दगड बसवा, माझी हरकत नाही. फक्त त्याला एवढं सांगा, की टेलरबाईंची कात्री उलटी आहे, आणि कोपऱ्यावरच्या बाईंची सुरी नुसती टेकवायची असते.