बारा जणांविरुद्ध एकतीस पानं

मित्रांनो, मी एक जुना टाइपरायटर आहे. जुना म्हणालात तर मला राग नाही. शोभेची वस्तू म्हणालात तर येतो. हल्ली माझ्या भाऊबंदांना हॉटेलातल्या काचेच्या कपाटात बसवतात आणि लोक शेजारी उभे राहून फोटो काढतात. त्यांनी शेवटचं अक्षर कधी उमटवलं, हे कुणी विचारत नाही. मी मात्र गेल्याच महिन्यात काम केलं आहे.

माझा जन्म विक्रोळीच्या कारखान्यातला. तिथून मी आलो झेवियर यांच्याकडे. झेवियर मरोळ गावठाणातले. अंधेरीच्या कोर्टाबाहेर निळं प्लास्टिक, त्याखाली एक टेबल, एक स्टूल आणि मी, एवढंच त्यांचं ऑफिस. लोक मराठीत सांगायचे, झेवियर इंग्रजीत टाइप करायचे. माझी अक्षरं इंग्रजी आणि कान मराठी, ते तेव्हापासून.

झेवियर यांचा एक नियम होता. कागद माझ्यातून ओढण्याआधी ते सगळा मजकूर त्या माणसाला मराठीत वाचून दाखवायचे आणि विचारायचे, "हेच सांगायचंय ना तुला?" तो हो म्हणाला तरच कागद बाहेर, मग सही किंवा अंगठा. बाजूचे टायपिस्ट हसायचे. तेवढ्या वेळात त्यांचे दोन कागद निघायचे.

त्यांची मुलगी फ्लेविया पार्ल्याला कायदा शिकत होती. कॉलेज सुटलं की बापाशेजारी बसून माझ्यावर हात बसवायची. एकदा झेवियर तापाने घरी होते म्हणून ती एकटीच बसली. दुपारी एका घरमालकाचा माणूस रुक्मिणीबाईंना घेऊन आला. रुक्मिणीबाई कोकणातल्या. नवरा गिरणीत होता, तो गेल्यावर चाळीतल्या एका खोलीत एकट्या राहायच्या. खोली तुमच्या नावावर करायचा कागद आहे, असं सांगून त्याने त्यांना आणलं होतं. मजकूर त्याने लिहूनच आणलेला. म्हणाला, बाईंना सगळं ठाऊक आहे, कोर्टातली खिडकी बंद होईल, पटापट टाइप मार. फ्लेवियाने मारलं. वाचून दाखवलं नाही. रुक्मिणीबाईंनी विश्वासाने अंगठा उठवला. कागदात होतं की मी राजीखुशीने खोली सोडते.

महिन्याभराने रुक्मिणीबाई बोचकं घेऊन आमच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही. फक्त म्हणाल्या, "चेडवा, वाचून दाखवलं असतंस ना, तर मी अंगठाच दिला नसता."

यंत्राचा कसला दोष, असं लोक म्हणतात. खोटं आहे. ते शब्द माझ्याच अंगातून उमटले होते.

खोली परत मिळाली नाही. झेवियर यांनी रुक्मिणीबाईंना घरी नेलं, मागची खोली दिली. त्या शेवटपर्यंत तिथेच राहिल्या. रविवारी मटणाला वाटण त्या लावायच्या आणि फ्लेवियाला मीठ कमी पडलं म्हणून टोमणे मारायच्या. माफ केलं असं तोंडाने कधी म्हणाल्या नाहीत. पण फ्लेविया वकील झाली तेव्हा तिचा पहिला काळा कोट त्यांनीच इस्त्री केला.

पुढे फ्लेविया मोठी होत गेली, मी मागे पडत गेलो. ती उच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाली तोवर संगणक आले होते. मी माळ्यावर गेलो, नाताळच्या गोठ्याच्या सामानाशेजारी. मेंढरं, उंट, तीन राजे आणि मी. नऊ वर्षं कुणी फडकंसुद्धा मारलं नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग एका संध्याकाळी तिने स्वतः शिडी लावून मला खाली काढलं. झालं होतं असं, की एका खटल्यात तिचं मत सोबतच्या न्यायमूर्तींपेक्षा वेगळं होतं. ते लिहायला ती संगणकावर बसली. एक कडक वाक्य लिहायचं, मग पुसायचं. असं करता करता सगळा मजकूर लोण्यासारखा मऊ झाला. माझ्यावर पुसता येत नाही. आधी विचार करायचा, मग कळ दाबायची. त्या दिवसापासून ठरलं. सगळ्यांसोबतचा निकाल संगणकावर, भिन्नमत माझ्यावर.

घाटकोपरच्या दशरथ मिस्त्रींनी माझे गंजलेले सांधे सोडवले, कुठूनशी रिबीन मिळवली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. म्हणूनच मी बाईंबरोबर युरोपात जाऊ शकलो. हो, बाईच म्हणतो आता. एका आंतरराष्ट्रीय न्यायालयात त्यांची नऊ वर्षांसाठी निवड झाली. तिथे तेरा न्यायाधीश. बाईंच्या दालनातून माझी खटखट सुरू झाली की बाहेरचे कारकून एकमेकांकडे बघायचे. आज बाईंचं पटलेलं नाही, हे सगळ्या मजल्याला कळायचं.

मग ते बेटाचं प्रकरण आलं. दोन देश एका बेटासाठी भांडत होते. त्यातल्या एका देशाच्या सरकारने तिथल्या चारशे कोळी घरांना आधीच उठवून दूरच्या एका बंदरात नेऊन टाकलं होतं. त्या सरकारकडे कागद होता, चारशे अंगठ्यांचा. लोकांनी संमती दिली, विषय संपला, असं बारा न्यायाधीशांचं मत पडलं.

नेमकी तेव्हाच बाईंची मुदत संपत आली होती. पुन्हा निवडून यायला देशांची मतं लागतात. एक ज्येष्ठ न्यायाधीश चहाला आले आणि गोड शब्दांत सुचवून गेले की या वेळी आमच्यासोबत राहा, पुढची नऊ वर्षं तुमचीच.

त्या रविवारी मरोळहून भावाचा, डेल्रॉयचा फोन आला. त्याचा आवाज फोनबाहेर ऐकू येतो.

"अगं, बारा लोक येडे आहेत काय? एकदा हो म्हण, सुटलीस ना."

"डेल्रॉय, कागद सरकारच्या भाषेत आहे. त्या लोकांना ती येत नाही. त्यांना तो कुणी वाचून दाखवला, हे एकाही पानावर नाही."

"मग तू पडणार."

"पडेन."

"तुझ्या हट्टाची कमाल आहे यार," डेल्रॉय म्हणाला. मग विचारलं, "तुझी खोली रंगवून ठेवू?"

अकरा दिवसांत एकतीस पानं झाली. माझी रिबीन दोनदा संपली. कागदाचा बारा ठिकाणी हवाला देणाऱ्यांनी तो कागद त्या लोकांच्या कानावर पडला का, एवढं एकदाही विचारलं नाही, असं बाईंनी स्पष्ट लिहिलं. निकाल बारा विरुद्ध एक लागला. बेट त्या सरकारकडेच गेलं. निवडणुकीत बाई पडल्या, तेही सपशेल.

पण मरोळला परत आल्यावर त्यांनी एक काम केलं. त्या बंदरातल्या एका शाळामास्तरांना गाठून एकतीसही पानं बेटवाल्यांच्या बोलीत उतरवून घेतली आणि सांगितलं, सगळ्यांना बसवून वाचून दाखवा. तीन दिवस वाचन चाललं म्हणे.

गेल्या महिन्यात बेटवाल्यांचं उत्तर आलं. बाईंनी ते खिडकीपाशी उभं राहून वाचलं. मला वाटलं आभाराचं पत्र असेल. आभार होतेच, पण दोन ओळी. पुढे लिहिलं होतं, "नवव्या पानावर तुम्ही आम्हाला भोळे म्हटलं आहे. आम्ही भोळे नव्हतो. अंगठा देण्याआधी आम्ही विचारलं होतं की यात काय लिहिलंय. कुणी उत्तर दिलं नाही, बंदुका मात्र समोर होत्या. तो शब्द काढा."

 बाई स्वतःशीच हसल्या. "बरोबर आहे. मी त्यांना विचारलं कुठे?" म्हणाल्या. न्यायालयातली प्रत आता कुणालाच बदलता येत नाही. तरी त्यांनी माझ्यात कोरा कागद घातला आणि नववं पान पहिल्या ओळीपासून नव्याने टाइप केलं. भोळे काढलं. त्या जागी, यांनी विचारलं होतं, असं घातलं. खाली सही केली आणि ते पान मास्तरांकडे पाठवलं, पुन्हा वाचून दाखवायला.

असं काम किती यंत्रांच्या वाट्याला येतं? झेवियर, रुक्मिणीबाई, दशरथ मिस्त्री, आणि मला सुधारणारे ते बेटवाले, या सगळ्यांचा मी ऋणी आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं एखादं यंत्र असेल तर त्यावर फडकं घाला, महिन्याला तेलाचा एक थेंब सोडा, आणि मुख्य म्हणजे ते वापरा. आणि घरात, वर्गात एखादं माणूस सगळ्यांविरुद्ध एकटंच बोलत असेल, तर त्याला मध्ये तोडू नका. पूर्ण ऐका. नाही पटलं तर नाही पटलं. चूक असेल तर तोंडावर सांगा, बेटवाल्यांनी सांगितली तशी. माझ्या बाई अजून सगळ्यांना त्यांचं ते पत्र दाखवतात, पदक दाखवावं तसं.