सहावं आणि सातवं पान

मी सत्तावन्न वर्षांची आहे आणि कॉमिक्स वाचते. लपूनछपून नाही, उशीखाली ठेवून नाही, नातवंडांच्या नावाखाली तर नाहीच, कारण मला नातवंडं नाहीत. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी स्टॉलवाला माझ्यासाठी तीन अंक बाजूला काढून ठेवतो. पहिल्यांदा त्याने विचारलं होतं, "कुणासाठी नेता?" मी म्हटलं, "स्वतःसाठी. आणि पिशवी नको, हातातच नेते." तेव्हापासून तो विचारत नाही.

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. जवळचं नीट दिसतं का हे बघायला आमच्याकडे एक कार्ड असतं, ओळीगणिक बारीक होत जाणाऱ्या अक्षरांचं. ते मी खणात टाकून दिलंय आणि गिऱ्हाइकाच्या हातात कॉमिक देते. मालक कपाळाला हात लावतात. "बाई, हे दुकान आहे, बालवाडी नाही." मी त्यांना सांगते की कार्ड हातात आलं की माणूस परीक्षेला बसल्यासारखा धास्तावतो आणि दिसत असलेलंही चुकतो. हे मी हवेत बोलत नाही. माझ्या बाबांना कार्डावरची अक्षरं कधी धड दिसलीच नाहीत. तीनदा नंबर बदलला, तीन चष्मे झाले, तरी त्यांचं आपलं एकच, "धूसर आहे." शेवटी वैतागून मी त्यांच्या हातात कॉमिक ठेवलं, तर कोण कुणाच्या मागे दबा धरून बसलंय, कुणाच्या मुठीत काय आहे, सगळं घडाघडा सांगितलं. दोष कार्डाचा आहे हे मला त्या दिवशी कळलं. मालकांना मी ते ठणकावून सांगितलं, आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर सांगितलं.

गेल्या महिन्यात बाबा गेले. छत्तीस वर्षं ते एका छापखान्यात मशीनमन होते. छापखान्याच्या जुन्या कामगारांनी एका रविवारी सकाळी त्यांच्या सभागृहात शोकसभा ठेवली. तिथल्या भिंतीवर बाबांचा फोटो कायमचा लागणार होता आणि फोटोखाली दोन ओळी. त्या ओळी लिहायचं काम दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, कुणी न सांगताच अंगावर घेतलं. दादा मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालाय. अजूनही खोलीत कुणी उठून उभं राहिलं की त्याला वाटतं, आपल्यासाठीच उठलं.

आदल्या संध्याकाळी त्याने कागद माझ्यापुढे सरकवला. 'शैक्षणिक व कायदेविषयक ग्रंथांच्या मुद्रणकार्यात ज्यांनी आपले आयुष्य वेचले…' मी दोनदा वाचला, उलटून मागची बाजूही पाहिली.

"यात कॉमिक्स कुठायत?"

"नाहीत."

"दादा, वर्षातले दोन महिने पाठ्यपुस्तकं आणि कधीमधी एखादं कायद्याचं पुस्तक. उरलेलं वर्षभर बाबांनी काय छापलं?"

"तिथे माझ्या ऑफिसातली माणसं येणार आहेत. तू बोलणार असशील तर या कागदावर आहे तेवढंच बोल. नाहीतर बोलू नकोस."

वहिनी आतून मला म्हणाल्या, "जाऊ द्या हो. त्यांचा स्वभाव काय तुम्हाला नवीन आहे?"

नवीन नव्हता, म्हणून तर तळपायाची आग मस्तकात गेली. मला आयुष्यभर या एका गोष्टीवरून सगळ्यांनी चिडवलंय. सासरी झालं, दुकानात झालं, पार्कातल्या चालणाऱ्या बायकांनीसुद्धा मला 'चित्रवाली' नाव ठेवलंय. ते सगळं मी हसून झेललं. पण बाबांच्या फोटोखालून कॉमिक्स पुसून टाकायची आणि वर माझ्याच तोंडून ते वदवून घ्यायचं, हे मी होऊ देणार नव्हते. कागद मी घेतला. वाचायचं कबूल मात्र केलं नाही.

मला कॉमिक्स का आवडतात हे लोक विचारतात तेव्हा त्यांना 'विरंगुळा' असं काहीतरी ऐकायचं असतं. विरंगुळा कसला. आमच्या घरी कॉमिक्स पुस्तकाच्या रूपात कधी आलीच नाहीत. बाबा आणायचे ते छपाईत वाया गेलेले मोठाले कागद, चादरीएवढे. अशा कागदाच्या एका बाजूला आठ पानं छापतात, दुसऱ्या दिवशी उलटून दुसऱ्या बाजूला आठ, मग घडी घालून कापलं की सोळा पानांचा क्रम लागतो. पहिल्या बाजूलाच शाई फिसकटली की तो कागद बाद. म्हणजे आमच्याकडे यायची ती फक्त एक बाजू. पहिलं पान, मग एकदम चौथं आणि पाचवं, मग आठवं आणि नववं, तीसुद्धा निम्मी उलटी. दादा आणि मी जमिनीवर कागद पसरून त्याच्याभोवती गुडघ्यांवर फिरायचो. पाचव्या पानावर नायक साखळदंडांनी बांधलेला, खाली मगरी. आठव्या पानावर तोच नायक बोटीत बसून केस विंचरतोय.

"मधे काय झालं?" मी विचारायची.

"उद्या सांगतो," दादा म्हणायचा. "विचार करावा लागतो, छोटे."

आणि दुसऱ्या दिवशी तो सांगायचा. असं सांगायचा की मी जेवायचं विसरायची. साखळीची कुठली कडी गंजलेली होती, मगरीच्या जबड्यात वल्हं उभं कसं अडकवलं, सगळं चौकटी-चौकटीने. सहावं आणि सातवं पान माझ्या भावाने माझ्यासाठी घडवलेलं असायचं. इतका हुशार भाऊ आख्ख्या गल्लीत कुणाला नव्हता. पुढे तो कॉलेजात गेला, कागद त्याला बालिश वाटायला लागले, आणि मधली पानं बंद झाली ती कायमची. मी अजून कॉमिक्स वाचते कारण मला तो भाऊ परत हवाय. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, दादाला तर नाहीच.

शोकसभेत सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा दादाचा कागद मी पर्समध्येच ठेवला आणि कागदांचं, मगरींचं, मधल्या पानांचं सगळं सांगून टाकलं. जुने कामगार खुर्च्यांवर पुढे सरकून ऐकायला लागले, कुणीतरी मोठ्याने हसलंसुद्धा. दादाची ऑफिसातली माणसं एकमेकांकडे बघत होती. बघू देत. शेवटी मी म्हटलं, "मी वाचलेला सगळ्यात मोठा लेखक पहिल्या रांगेत बसलाय आणि त्याला त्याची लाज वाटते. मला वाटत नाही."

दादा उठला आणि बाजूच्या दाराने बाहेर गेला. मीही गेले. बाहेर बोळात हात धुवायची मोरी होती, तिथे तो नळ धरून उभा होता. मी भांडायच्या तयारीत होते.

"मला कॉमिक्सची लाज वाटते असं वाटतं तुला?" तो म्हणाला.

"दुसरं काय मग?"

"ती पानं माझी नव्हती. एकही नव्हतं. मी बाबांना विचारायचो. दुसऱ्या दिवशी दुसरी बाजू मशीनवर चढायची ना, तेव्हा ते बघून ठेवायचे आणि संध्याकाळी मला सांगायचे. कुठल्या चौकटीत काय, अगदी ओळीने."

"मग बाबा स्वतःच मला का नाही सांगायचे?"

"तू विचारलं असतंस, तो काय म्हणाला, ती काय म्हणाली. फुग्यांत काय लिहिलंय." दादाने नळ उगाच उघडून बंद केला. "त्यांना वाचता येत नव्हतं, छोटे. आकडे यायचे, सही यायची. बाकी काही नाही. मला आठवीत कळलं. तुला कळू द्यायचं नाही असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं. लेकीचा शाळेत पहिला नंबर येतो, तिला बाप अडाणी कळायला नको, म्हणाले."

मी माणसांचे डोळे तपासते, तीस वर्षं. तीन चष्मे. 'धूसर आहे.' आणि मी कार्डाला दोष देत बसले. घरात ते पेपर कधी उघडत नसत आणि मला वाटायचं, दिवसभर छापील कागद बघून कंटाळा येत असेल. मोरीच्या कठड्यावर बसून मी रडले, आणि दादा शेजारी अवघडून उभा राहिला, कारण रडणाऱ्या माणसाचं काय करायचं हे त्याला कुठल्याच हुद्द्यावर शिकवलं नव्हतं.

"म्हणून मी ग्रंथ लिहिलं," तो म्हणाला. "कुणाला शंकाच येऊ नये. ग्रंथ छापणाऱ्या माणसाला कोण विचारणार वाचता येतं का म्हणून."

मी डोळे पुसले. मला राग आला होता आणि तो गेला नव्हता, फक्त जास्त स्वच्छ झाला होता.

"दादा, छत्तीस वर्षांत त्यांच्या हाताखालून लाखो पुस्तकं गेली. पाठ्यपुस्तकं गेली, तुझे ते कायदे गेले. त्यातलं त्यांना स्वतःला काय कळलं?"

त्याने पुन्हा नळ उघडून बंद केला.

"एकच गोष्ट कळली. आणि तीच तू खोडतोयस."

"मी त्यांना शब्द दिलाय."

"मग शब्द मोडू नकोस. पेन दे."

पर्समधून कागद काढून मी कठड्यावर ठेवला. शैक्षणिक खोडलं, कायदेविषयक खोडलं, ग्रंथ खोडले, आयुष्य वेचणंही खोडलं. खाली माझ्या दुकानातल्या तक्त्यावर असतात तसल्या मोठ्या अक्षरात एक ओळ लिहिली आणि कागद त्याच्या हातात दिला. दादाने चष्मा लावला. ओळ छोटी होती, पण त्याला वाचायला बराच वेळ लागला.

मग तो आत गेला, माइकपाशी उभा राहिला आणि घसा साफ केला. समोर त्याच्या ऑफिसातली माणसं होती, मागे बाबांचा फोटो. कागदाकडे न बघता त्याने ओळ म्हटली.

"आमचे बाबा कॉमिक्स छापत आणि वाचत."