दुर्गाबाईंच्या माहेरची पानगळ

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, इकडे कापसाला सोन्याचे दिवस आले, आणि अकोल्यातल्या ज्याला त्याला स्वतःची छबी हवीशी झाली. मी शेषराव, मूळचा अमरावतीचा. मुंबईत तीन वर्षं राहून काचेवर छबी उतरवायची विद्या शिकून आलो होतो, आणि आल्यापासून नुसत्या मिशा काढत होतो. पीळ दिलेल्या, तेल लावलेल्या, नुकत्याच फुटलेल्या. मिशीवाल्याने मान हलवली की छबी पुसट यायची आणि बोलणी मला बसायची. विटलो होतो अगदी.

अशात पौषातल्या एका सकाळी खुशालराव माझ्याकडे आले. मोर्णेच्या काठी जुन्या शहरात त्यांचं घर. गावाकडे काळी जमीन, आणि कापसाची पारख अशी की बाजारात व्यापारी त्यांना विचारून सौदा करायचे.

"तुमी झाडाइची तसबीर काढता काय?" त्यांनी विचारलं.

"झाडं मान हलवत नाहीत. आनंदाने काढीन," मी म्हणालो.

ते हसले नाहीत. त्यांची बायको दुर्गाबाई. तिचं माहेर आकोटच्याही पलीकडे, मेळघाटाच्या पायथ्याशी, एका तळ्याच्या काठावर. थंडी उतरायला लागली की तिथला डोंगर रंग बदलतो. धावड्याची झाडं तांबडी होतात, मोईची पिवळी पडतात, आणि ते सगळं खाली पाण्यात दिसतं. दुर्गाबाईंच्या डोळ्यांवर पडदा येत होता. पावसाळ्यापर्यंत नजर जाईल, असं वैद्य म्हणाले होते. त्याआधी माहेरची पानगळ एकदा पाहायची, एवढंच तिचं मागणं.

"मग घेऊन जा की त्यांना," मी म्हणालो.

खुशालरावांचा चेहरा एकदम उतरला. अकरा वर्षांपूर्वी मेहुण्याच्या, म्हणजे नत्थुजीच्या लग्नात या जावयाला दुसऱ्या पंगतीला बसवलं होतं. मुद्दाम नव्हे, गडबडीत. पण हे ताटावरून उठले, पुन्हा या गावात पाय ठेवणार नाही म्हणाले, आणि तेव्हापासून दुर्गाबाईंचं माहेर तुटलं. एका पंगतीपायी. मला तिथेच हसू आलं होतं, ते कसंबसं गिळलं.

"मी गाठोड्यातून मूठभर कापूस ओढतो," ते म्हणाले, "तेवढ्यावरून साऱ्या मालाची पारख करतो. तुमी मले त्या जंगलाचा तसा नमुना आनून द्या. माही बायको घरीच पाहीन."

खरं सांगायची वेळ होती ती तेव्हाच. माझ्या काचेला तांबडं आणि पिवळं कळतच नाही. निळं आभाळ पांढरं उतरतं, आणि पिवळं पान काळं. पानगळीची छबी मागणं म्हणजे नेमकं तेच मागणं, जे माझ्या विद्येला जमत नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं. पण डोंगर, तळं आणि एकही मिशी नाही, या मोहाने माझं तोंड शिवलं. मी हो म्हणालो. त्या 'हो'ची मला आजही लाज वाटते.

खुशालरावांचा गाडीवान पुंजाराम, त्याला घेऊन निघालो. काचा, अर्काच्या बाटल्या, काळा तंबू, सगळं कडब्यात रुतवून. तिसऱ्या दिवशी तळ्यावर पोचलो आणि बराच वेळ मी सामान सोडलंच नाही. सबंध उतार पेटल्यासारखा दिसत होता. वारा पडला होता, पाण्यात तोच डोंगर उलटा उभा होता. असं काही वऱ्हाडात आहे हे मला माहीत नव्हतं, आणि मी वऱ्हाडातलाच.

मग कामाला लागलो. काचेला अर्क लावायचा, ओली असतानाच छबीच्या पेटीत घालायची, आणि वाळायच्या आत तंबूत शिरून धुवायची. पाणी लागतं घागरीमागून घागर. ते दिवसभर एक धिप्पाड माणूस न सांगता आणून देत होता. संध्याकाळी, पुंजारामकडून सगळं ऐकून, त्याने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"मी नत्थू. दुर्गाबाईचा भाऊ. बाईले अजून दिसते नं?"

"दिसतं थोडं."

"अन् ते अजून रागातच हायेत?"

मी मान डोलावली. तो घागर उचलून परत पाण्याकडे गेला, खरं तर पाणी आता लागणार नव्हतं.

अकोल्याला येऊन उन्हात कागदावर छबी उठवली. कारागिरी म्हणाल तर माझ्या हातून झालेली सर्वांत चांगली. प्रत्येक फांदी वेगळी. आणि प्रत्येक पान काळं.

दुर्गाबाई ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी कागद नाकाजवळ नेला, तिरका केला, सरळ केला. खुशालराव समोर उभे होते.

"सारं काळं हाये," त्या सावकाश म्हणाल्या. "जंगल जळलं काय जी? नत्थूचं घर वाचलं नं?"

मला राहवलं नाही. रंगांची सगळी हकीकत मी सांगून टाकली, आधी ठाऊक होतं हेसुद्धा. खुशालराव मारतील असं वाटलं. ते एवढंच म्हणाले, "म्हंजे नमुना खोटा." मग घरात निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर माझ्या दारात त्यांची गाडी उभी, आत दुर्गाबाई बसलेल्या.

"चढा," खुशालराव म्हणाले. "खोटं तुमी आनलं. आता खरं दाखवाले संग चला."

वाटेत त्यांनी चार वेळा तरी सांगितलं, की आपण फक्त तळ्यापर्यंत जाणार, गावात नाही. दुर्गाबाई दर वेळी बरं म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी तळ्यावर पोचलो. अर्धी पानं झडली होती, पण उरलेली अजून तांबडी होती. दुर्गाबाई गाडीचा आधार घेऊन उतरल्या, दोन पावलं चालल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "किती चांगलं दिसून राह्यलं."

त्यांच्यासमोर गावची खळी होती आणि चार म्हशी. डोंगर त्यांच्या पाठीमागे होता.

पुंजारामने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. खुशालराव तिच्याजवळ गेले.

"तुले किती दिसते?"

"उजेड दिसते."

"कवापासून?"

"दिवाळीपासून."

"मंग ते तसबीर?"

"कागद होता, तेवढं समजलं. बाकी मले सारंच काळं. जळलं म्हटलं तं तुमाले यावं लागन, असं वाटलं."

"मले सांगाचं तरी."

"दिसत नाई म्हटलं असतं, तं आनलं असतं काय तुमी? आंधळ्या बाईले जंगल काहाले दाखवाचं, असंच म्हटलं असतं नं?"

खुशालरावांनी तसंच म्हटलं असतं. मलाही तेव्हा कळलं, की माझ्या खोटेपणाची कबुली मी ज्या बाईला रडकुंडीला येऊन दिली, तिने माझी छबी पाहिलीच नव्हती. हसावं की रडावं ते समजेना.

खुशालरावांनी तिचे दोन्ही खांदे धरले आणि तिला हळूच डोंगराकडे वळवलं.

"समोर धावडा हाये," ते म्हणाले. "तांबडा."

"कसा तांबडा?"

कापसाचा पांढरा किती परींचा असतो हे सांगणारा हा माणूस. पण अकरा वर्षांत काय, सबंध जन्मात त्याने झाड असं पाहिलं नसावं.

"कसा म्हंजे... तांबडा."

"बराबर पाहून सांगा. मले घाई नाई."

ते पाहू लागले. कपाळावर हात धरून, कापसाच्या ढिगापुढे उभे राहायचे तसे. तोवर गाडी पाहून गावातून नत्थुजी धावत आला होता आणि दहा पावलांवर, पुढे यावं की नाही, या विचारात थांबला होता. खुशालरावांना तो दिसला. ते जरा ताठले. मग बायकोचा खांदा न सोडता, डोंगराकडे बोट करून त्यांनी विचारलं,

"नत्थुजी, तिकडचं ते पिवळं झाड कोन्तं जी?"